बेकरीच्या वळणावरचा खांब

प्रिय ताई,

फोन केला की तुझा सेक्रेटरी विचारतो, "कुठल्या कामासंदर्भात?" भाऊ बोलतोय म्हटलं तर म्हणाला, "निवडणूक जवळ आली की बाईंना बरेच भाऊ होतात." मी हसलो, पण त्यानं काही फोन तुझ्याकडे दिला नाही. म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागत नाही, हे या वेळी बरंच आहे. मी परत आलोय, बाबांकडे राहतोय. बंदरावरचं काम सुटलं, मग एका ट्रकवाल्याबरोबर डोंगराकडे गेलो, तिथे एक माणूस मधमाश्यांना नावं ठेवायचा, म्हणजे शिव्या नव्हे, खरीखुरी नावं… ते राहू दे, भेटल्यावर सांगेन. सध्या एका ठेकेदाराकडे रस्त्यावर पांढरे पट्टे मारतो, तेही तुझ्याच वॉर्डात. खाली बसून पट्टे मारणाऱ्याला कुणी माणसात धरत नाही, त्याच्या डोक्यावरून सगळे बिनधास्त बोलतात. आणि सध्या सगळे एकच बोलतायत: सोमवारच्या पालिकेच्या सभेत नगरसेविकाबाई, म्हणजे तूच, 'आगाऊ' या टोपणनावानं ब्लॉग लिहिणाऱ्याचं खरं नाव फोडणार, तो म्हणे कोपऱ्यावरचा सायकलवाला आहे, आणि त्याच्या टपरीचा परवाना रद्द होणार.

'आगाऊ'चा ब्लॉग मी फिरतीवरही वाचायचो. घरची खबर फुकटात मिळायची ना! बागेचं पार्किंग करायचा बेत त्यानं एका लेखात उधळला तेव्हा मी ट्रकमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या होत्या. महापौर म्हणाले असा बेतच नव्हता, आणि यानं गवतावर गाड्यांसाठी मारलेल्या चुन्याच्या रेघांचा फोटो टाकला. पण इथे येऊन बघतो तर वेगळीच तऱ्हा. न्हाव्याच्या दुकानात पूर्वी बोलणं आवरायचं नाही, आता जो तो आरशातून दुसऱ्याचा मोबाइल बघतो. वाचनालयातल्या बाई कुणी फोन वर उचलला की पुस्तकाआड तोंड लपवतात. बेकरीवाल्याला वाटतं न्हावी लिहितो, न्हाव्याला वाटतं वाचनालयातल्या बाई. तो रोग मलाही लागला. एक दिवस तुझ्या सेक्रेटरीचाच संशय आला. खोटं कशाला सांगू, आला तेव्हा जरा आनंदच झाला.

मग सायकलवाल्याकडे गेलो. काहीतरी निमित्त हवं म्हणून बाबांच्या सायकलला स्वतःच खिळा टोचला. त्यानं ट्यूब पाण्यात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खिळा सरळ गेलाय. रस्त्यावरचा तिरका जातो. काय विचारायचंय ते विचार की." मी विचारलं. तर म्हणाला, "अरे बाबा, मला दोन ओळी लिहायच्या म्हटलं तर बायकोला हाक मारावी लागते. तिला माझ्या पाट्यांमधल्या चुका काढायला वेळ पुरत नाही, ब्लॉग कधी लिहिणार?" हे सगळं हसत. पण मी निघताना पंप खाली ठेवून म्हणाला, "तुझ्या ताईला मी मत दिलंय रे." टपरीच्या मागच्या खोलीत ती दोघं राहतात, तू पाहिलंयस. टपरी गेली की खोलीही गेली.

बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण ते कुरकुरत नाहीत. तू दिलेला टॅब घेऊन दुपारभर खिडकीशी बसतात. मी खोलीत गेलो की तो पालथा ठेवतात आणि म्हणतात, "पत्ते खेळतोय." आपले बाबा आणि पत्ते! तुला आठवतं का, त्यांना चौकट आणि बदामातला फरकही सांगावा लागायचा. मागच्या गल्लीतले दिवे गेलेत हे सांगायला त्यांनी तुला फोन केला होता, ठाऊक आहे? सेक्रेटरी म्हणाला, अर्ज द्या. सगळी नोकरी दिवाबत्ती खात्यात शिडी खांद्यावर घेऊन काढलेल्या माणसाला अर्ज! हे त्यांनी मला हसून सांगितलं आणि लगेच उठून भांडी घासायला लागले. भांडी आधीच घासलेली होती. आठवड्यानं 'आगाऊ'नं त्याच दिव्यांवर लिहिलं, तर तू तासाभरात उत्तर दिलंस. चांगलं लांबलचक, आणि 'आपण म्हणता ते योग्यच' वगैरे. आपण!

तेव्हाही माझी ट्यूब पेटली नव्हती. पेटली ती सायकलवाल्याकडून आल्यावर, मागच्या आठवड्यातला लेख पुन्हा वाचताना. बेकरीच्या वळणावर, खांबाच्या बुडाशी, गटाराचं झाकण नाही, असं 'आगाऊ'नं लिहिलं. खाली सगळ्यांनी खिल्ली उडवली. तिथे खांब आहेच कुठे? तुझ्या माणसांनी तर लिहिलं, 'आगाऊंना चष्मा भेट द्या.' मी तिथेच पट्टे मारत होतो. झाकण खरंच नव्हतं. खांबही नव्हता. तो आपण शाळेत असताना ट्रकनं पाडला आणि पालिकेनं पुन्हा उभा केला नाही. दिवाबत्तीवाले घरांवरून पत्ते सांगत नाहीत, खांबांवरून सांगतात, आणि बाबा तो पडलेला खांब अजून धरूनच चालतात. सायकलवाला या शहरात आला त्याच्या कितीतरी आधी तो गेला होता. त्या जागेला खांब म्हणणारा माणूस शहरात एकच उरलाय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. लहानपणी रविवारी बाबा दिवे तपासायला निघाले की मागून त्यांची पिशवी घेऊन फिरायचीस ती तू, मी नाही. मी पळून जायचो. सगळे खांब तुला पाठ होते, तो पडलेलासुद्धा. तो झाकणाचा लेख तू वाचलायस, कारण त्यालाही तू उत्तर दिलंस, आणि त्या उत्तरात खांबाबद्दल अवाक्षर नाही. सगळे हसत होते, तू हसली नाहीस. दुसऱ्याच दिवशी सायकलवाल्याचं नाव बाहेर आलं. दोन दिवस मी स्वतःला समजावतोय की ताईच्या लक्षात आलं नसेल, कामं असतात. पण मला दुसरंच वाटतंय, की निवडणुकीआधी 'आगाऊ' म्हणून तुला कुणाचंतरी नाव हवं होतं आणि ते आपल्या घरातलं नको होतं. तसं नसेल तर ये आणि मला दोन मुस्काटात मार, मी आनंदानं खाईन. बाबांना मी काही विचारलेलं नाही, विचारायचं ते तू विचार. सोमवारी सभागृहात मी मागच्या बाकावर बसणार आहे. तू सायकलवाल्याचं नाव घेतलंस तर मी उठेन आणि खरं नाव सांगेन. बाबा सभा घरी बसून टॅबवर बघतात, ताई. ते नाव त्यांना माझ्या तोंडून ऐकायला लावू नकोस.

तुझाच, अजून तरी,
भोवरा