राजम्मा मी केली होती

मी, साधना विजयकुमार वैशंपायन, वय एकाहत्तर, मूळची ठाण्याची, सध्या मुलाकडे खलिफा सिटी, अबू धाबी येथे राहणारी, हे शुद्धीवर राहून, कुणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते डॉक्टरांनी घाबरवल्यामुळे केले होते.

१. ठाण्याचा फ्लॅट आणि बँकेतली ठेव अथर्व व मुग्धा या माझ्या मुलांना निम्मी निम्मी. भांडू नये. भांडायचेच तर मराठीत भांडावे.

२. एका हिंदी विनोदी मालिकेत मी चार वर्षे 'राजम्मा' ही शेजारीण केली. डोक्यात हातभर गजरा, हातात नारळ, वाक्यागणिक 'अय्यो!' राजम्मा तमिळ, मल्याळी की कानडी, असे मी विचारले तर दिग्दर्शक म्हणाले, "साउथची. बस." मी स्वतः कोल्हापूरच्या खाली कधी गेले नव्हते. लोक हसले, मीही खूश होते. त्या भूमिकेची ट्रॉफी भंगारात द्यावी. दिग्दर्शकांना काहीही देऊ नये.

३. माझी मोरपंखी कांजीवरम समोरच्या विलासिनी टीचरना. मी इथे आले त्याच आठवड्यात त्यांनी मला लिफ्टमध्ये ओळखले. फोटो काढतील म्हणून मी पदर सावरला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मैं पालक्काड से हूँ. तीस साल इधर मैथ्स पढ़ाया. आपका सीरियल आया, फिर मैं मुँह खोलती और पीछे से बच्चा लोग अय्यो." आमचा मजला आला, त्या उतरल्या. मी तशीच लिफ्टमधून वरखाली करत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात गेले. "टीचर, गलती हुई. मुझे कुछ पता ही नहीं था."

"तो अब सीखो," म्हणत त्यांनी आत घेतले आणि चहाआधी मल्याळम अंक घोकून घेतले.

४. गणपतीत इथल्या मराठी मंडळाने परस्पर जाहीर केले, 'राजम्मा पुन्हा रंगमंचावर!' आम्ही दोघींनी वेगळेच बसवले. पडदा उघडला तर नऊवारी नेसून टीचर! त्या साधनाबाई झाल्या होत्या. "अगं बाई! कांदे चार दिरहम? म्हणजे ब्याण्णव रुपये!" प्रत्येक भाजीला तेच. मी साध्या साडीतली गणिताची शिक्षिका, एकही अय्यो नाही. लोक हसून हसून बेजार. पहिल्या रांगेतून माझी नात रिद्धी ओरडली, "आजी, दॅट्स एक्झॅक्टली यू!" क्षणभर मला लागले. मग असे हसू फुटले की पुढचे वाक्यच विसरले. ते टीचरनी माझ्या कानात सांगितले. त्या कार्यक्रमाचे चित्रण रिद्धीला.

५. माझ्या शोकसभेत भाषणे नकोत. टीचरनी माझी नक्कल करावी. हे कलम वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "मैं तीन साल बड़ी हूँ. पहले मैं गई तो?"

"तो मैं आपकी करूँगी."

"मलयालम में?"

"मलयालम में."

"फिर कोई जल्दी नहीं. तुम्हारा उच्चार अभी बहुत खराब है."

वरील मजकूर वाचून, हसणे आवरून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: साधना वि. वैशंपायन

साक्षीदार:
पॅट्रिक डिमेलो, वसईकर, तळमजला
मिहिका साटम, मंडळाच्या कार्यवाह

खलिफा सिटी, अबू धाबी
१४ नोव्हेंबर २०२५