ग्रहणातली वांगी

गोडादरा, सुरत
२१ नोव्हेंबर १९९५

ती. मायला मंदाचा नमस्कार.

आम्ही धड आहोत. दिवाळीनंतर लूम पुन्हा दोन पाळ्यांत सुरू झाले. थंडी अजून नाही. झाली खुशाली सांगून.

आपल्या लोटूकडून लिहवून घेतलेलं तुझं पत्र सोनालीनंच फोडलं. मी भाजीला गेले होते. परत येते तर विळी उकिरड्यावर आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून. "ताई, मीच चिरलं ना गं तिला?" म्हणे. माय, तुला काही वाटलं कसं नाही? ओल्या बाळंतिणीला लिहितेस, ग्रहणात वांगी चिरलीस म्हणून लेक गेली! अजून दूध आटलं नाही तिचं. दोन दिवस अन्नाला शिवली नाही.

आमच्याच गल्लीतल्या एकीनं ग्रहणात सगळा स्वयंपाक केला, कापडही कापलं. तिचा पोरगा ठणठणीत आहे. ग्रहणाचं नाव काढू नकोस.

सोनालीची पाणमोट सकाळी नऊला फुटली. मी वाण्याच्या दुकानातून तुला फोन केला. तू काय म्हणालीस? "पहिलटकरीण आहे, कळा येऊ दे. लोटूला पाठवते, तो घेऊन येईल. पहिलं बाळंतपण सुरतेला झालं तर लोक तोंडात शेण घालतील." लोटू दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पोचला. तोवर सोनालीला हुडहुडी भरली होती. मग कसली गाडी आणि कसलं माहेर! रिक्षात घालून दवाखाना गाठला. पोर जन्मली ती कण्हतच. दीड दिवस काढला तिनं.

तू म्हणशील, मंदे, तुला अक्कल नव्हती का?

होती. तेच लिहायचं टाळतेय.

आठव्या महिन्यात तिच्या लघवीचा रिपोर्ट आणायला मी एकटी गेले होते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, हा जंतू कितीतरी बायकांच्या अंगात असतो, यात कुणाचा दोष नाही. पण पाणी गेलं की तो बाळाकडे चढतो. "पाणी पडे एटले तरत आवजो, बेन," असं दोनदा म्हणाल्या. कळांची वाट न पाहता लगेच या, सुई द्यावी लागेल. चिठ्ठीवर लिहूनही दिलं. मला मेलीला लाज वाटली. त्या जागेचा आजार, योगराजनं बायकोवर संशय घेतला तर? सोनालीला म्हटलं, सगळं ठीक आहे. चिठ्ठी फळीवरच्या कागदाखाली सारली.

आणि फोनवर? दुकानात माणसं होती, हे खरं. पण माझा पिंट्या इथं झाला तेव्हा तू वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस, हेही खरं. या वेळी तुझ्या मनासारखं करायचं होतं मला. सोनाली तुझ्याकडे बाळंत झाली असती म्हणजे माझंही माफ झालं असतं. म्हणून गप्प बसले.

हे सगळं पाकिटात घालण्याआधी मी तिला वाचून दाखवलं. चिठ्ठी हातात दिली. तिनं ती दोनदा वाचली. माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर जाऊन विळी उचलून आणली, धुतली, जागेवर ठेवली. मग अर्धी भाकरी खाल्ली. माझ्या हातची नाही, स्वतः थापून.

आता तू ये. तिच्यासमोर बस आणि सांग, "सोनाली, तुझी लेक आम्ही दोघींनी घालवली." तेवढं तोंडातून निघणार नसेल तर येऊ नकोस.

तुझ्याच वळणावर गेलेली,
मंदा