पार्टिशन गेलं म्हणून

दादा,

काल मी आपल्या सामाईक कॉम्प्युटरवर नवा डॉस टाकला अन् डिस्कवरचं तुझ्या झेनिक्स सिस्टीमचं पार्टिशन गायब झालं, म्हणून तू न जेवता निजला. ते पुसलं नव्हतं गा. मशीन फक्त माझ्याच हिश्श्यातून सुरू होऊन राहिली होती. ते मी नीट केलं. आता चालू करून पाय, तुझं काम जसंच्या तसं आहे.

पण "पार्टिशन गेलं" हे आईनं ऐकलं अन् तिले वाटलं, आता आपल्या दोन घरांमधलं प्लायवूडचं पार्टिशन निघते. सकाळीच तिनं दोन्हीकडचं वरण एका गंजात लावलं. मले काही तिले खरं सांगवलं नाही.

काटोलहून संध्याकाळी येतो. पेचकस कॉम्प्युटरवर ठेवला आहे. प्लायवूडचे वरचे स्क्रू तू काढ, खालचे मी येऊन काढतो.

शालिक