सिद्धेशची बशी

नाहूर,
१३ ऑक्टोबर २०२५

सिद्ध्या,

आशीर्वाद देते, घे गुपचूप. आम्ही दोघं बरे आहोत. अण्णांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झकास झालं, ते तुला त्यांच्या फोनवरून कळलंच असेल. तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे कुरियर. पाकिटात एक फोटो आहे, पण आधी पत्र वाच.

काल बोरिवलीला स्पर्धेतल्या फोटोंचं प्रदर्शन उघडलं. माझा पहिला नंबर, त्यामुळे माझा फोटो अगदी दारासमोर. तुला माहीतच आहे तो. सोसायटीच्या बाकड्याच्या एका टोकाला अण्णा, बाकी बाकडं रिकामं. मला बोलायला सांगितलं, आणि मी काय सोडते होय! म्हटलं, फोटोतला माणूस जिकडे बघतो तिकडे आपले डोळे आपोआप जातात. तिथे काहीच नसलं की मन गप्प बसत नाही, शोधायला लागतं. अण्णा रिकाम्या जागेकडे झुकलेत, म्हणून बघणाराही तिथे कोणीतरी शोधत राहतो. टाळ्या पडल्या. यातला एकही शब्द खोटा नाही, उद्या कोणी विचारलं तर पुन्हा हेच सांगेन.

बाकड्यावर चहाने भरलेली एक बशी दिसते ना, तिच्यातला चहा मांजराचं दूध समजून परीक्षक बाई म्हणाल्या, या म्हाताऱ्याला आता मांजराचीच सोबत उरलीय. मी मान डोलावली.

मग अण्णा पुढे आले. ऑपरेशननंतर तो फोटो पहिल्यांदाच नीट बघत होते. त्यांनी बशीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "ही बशी सिद्धेशाची. तो हंय बसललो मा? मगे खंय गेलो?"

आपल्या घरात बशीतून चहा पिणारा तू एकटा. गेलास कुठे? मीच तुला फोटोतून पुसलं आणि बशी तशीच राहिली. वाट लागली माझी.

तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं होतं, हा तू उठून गेल्यावरचा फोटो आहे. तसा फोटोच नाही रे. एकच आहे, त्यात तू आहेस, आणि मी तुला कॉम्प्युटरवर बसून काढून टाकलं. दोन दिवस लागले.

सोसायटीच्या ग्रुपवर मी टाकलेला तो फोटो बघून सेक्रेटरी नंदकिशोरकाका तुला गेटवर म्हणाले ना, बापाला असं एकटं टाकतोस होय रे. मी मागे जिन्यातच उभी होते. दर शनिवारी बोरिवलीहून येऊन अण्णांना डॉक्टरकडे नेणारा तू, आणि मी तोंड उघडलं नाही. तू यायचा बंद झालास. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

मी स्वतःला समजावत होते की तू कॅमेऱ्याकडे बघून दात काढलेस. असा चेहरा असला की बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते, अण्णांकडे कोणी बघितलंच नसतं. तेही खरंच आहे. पण मी तुला त्यासाठी काढलं नाही. अण्णा तुझ्याकडे झुकले होते. माझ्याकडे ते तसे कधी झुकले नाहीत, आणि त्यांच्याजवळ राहते मी. मला राग आला, बस. चुकले रे.

काल तिथेच माइक परत मागून घेतला आणि सगळं सांगितलं. नंबर गेला, फोटो भिंतीवरून उतरला. परीक्षक बाईंना मांजराचं जास्त वाईट वाटलं असावं. आज सकाळी नंदकिशोरकाकांना दूध आणताना गाठलं आणि खरा फोटो दाखवला. ते ओशाळले. आता तोच फोटो सोसायटीच्या बोर्डावर आहे, टाकी धुण्याच्या नोटिशीशेजारी.

उघड आता पाकीट. स्पर्धेला पाठवण्यासारखा हा फोटो नाही, तुझं तोंड फारच मोठं आलंय. पण अण्णा कुणाकडे बघतायत, ते कोणालाही विचारावं लागत नाही.

भाऊबीजेला जोडीने ये, श्वेताला घेऊन. कॅमेरा टायमरवर लावणार आहे, म्हणजे मलाही बसता येईल. बाकड्यावर आपण चौघं मावतो, मी मोजलंय. नाहीच आलास तर तुझी जागा सोडून फोटो काढीन. आणि या वेळी कोणी विचारलं, तर सांगेन की इथे माझा भाऊ बसतो.

बशी धुऊन ठेवलीय.

तुझीच, चुकलेली,
अक्षताताई