दुबार नोंद

३ फेब्रुवारी
मी मेले! सरकारी दवाखान्यात गोळ्यांसाठी कार्ड दिलं, तर पडद्यावर ‘मृत’. औषधं देणारा म्हणाला, “मावशी, तुम्ही गेलात की हो!” मागची रांग हसली. गेली ती ताई. मागच्या महिन्यात.

५ फेब्रुवारी
नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाईंनी उलगडून सांगितलं. संगणक फार जुना. बसवला तेव्हा जागा वाचवायला नावाचं फक्त पहिलं अक्षर ठेवलं. आम्ही जुळ्या — अक्षर एक, वडील एक, जन्मतारीख एक. ताईचा मृत्यू नोंदवला आणि यंत्राने दोघींनाही पोचवलं.
“मग दुरुस्त करा.”
“त्यात हात घालणारे गृहस्थ निवृत्त झाले, मावशी. आम्ही त्याच्यावरची धूळसुद्धा पुसत नाही — बंद पडला तर?”

६ फेब्रुवारी
खिडकीवरच्या बाई म्हणतात, पळवाट आहे. ‘ताईची नोंद दुबार होती, ती गाळावी’ एवढं लिहून द्यायचं. माझं कार्ड लगेच चालू. महिनाअखेरीला सगळं नव्या संगणकावर जाणार. दुबार नोंदी तिकडे जाणारच नाहीत.
म्हणजे ताई गेली असंही उरणार नाही. जन्मलीच नाही!
कागद परत सरकवला.

७ फेब्रुवारी
नाही म्हणजे नाही.

११ फेब्रुवारी
भाऊजी आले होते. “कागदच तो. दे लिहून. तुझ्या गोळ्या महत्त्वाच्या.” फार थकलेत. तरी मी म्हटलं, “तुमची बायको दुबार होती का?” अर्धा चहा टाकून उठले. दारात चपला घालताना म्हणाले, “जीभ अगदी तिचीच!”
इतकं तोडून मी कधी बोलत नसे. ते खातं ताईचं.
गोळ्या विकत आणते आहे.

२६ फेब्रुवारी
मोठ्या साहेबांना भेटले. “बाई, यंत्राला दोघी ओळखता येत नाहीत.”
म्हटलं, “आमच्या आईला यायच्या. अंधारातसुद्धा.”
साहेब चष्मा पुसत राहिले. मग हळू म्हणाले, “नव्या संगणकावर एकच नोंद जाईल. कुठली, ते तुम्ही सांगा. उद्या शेवटचा दिवस.”

२७ फेब्रुवारी
दिलं लिहून. दुबार ती नव्हे, मी. खिडकीवरच्या बाई घाबरल्या — “अहो, तुम्हीच गाळल्या जाल!” जाऊ दे. मी रोज येऊन भांडेन. ताईला कुठून येता येणार?