तलवारीशेजारी ठेवलेला रेडॉनचा डबा

भैयासाहेब,

मी कुक्षीला चालले आहे. तिथल्या घरांत मोजणीसाठी ठेवलेले रेडॉनचे डबे गोळा करून उद्या संध्याकाळी देवासला परत येईन. पोळ्या डब्यात आहेत, भाजी गॅसवर. दुपारची गोळी घ्या.

तळघरातल्या तुमच्या खोलीचा आकडा चांगला आला, म्हणून तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, "भिया, अपना कमरा पास हो गया." पण तो आकडा त्या खोलीचा नाहीच. काल पाहिलं, तर डब्याच्या जाळीत कुंकू अडकलेलं. मी धारला असताना खंडेनवमीला तुम्ही तो वर देवघरात नेलात, तलवारीशेजारी पूजेला ठेवलात आणि मी येईपर्यंत तिथेच राहू दिलात. मोजली गेली ती वरची, उघड्या खिडक्यांची हवा.

हा रेडॉन वायू जमिनीतून येतो आणि बंद खोलीत साठतो. त्याला वास नसतो, पण त्याने फुफ्फुसांचा कॅन्सर होऊ शकतो. आपल्या घरात कधी कुणी विडी ओढली नाही, तरी आई फुफ्फुसांच्याच दुखण्याने गेली. त्यावरून मी काही सिद्ध करत नाहीये.

आज खाली नवा डबा ठेवून दार लावून घेतलं आहे. ते उघडू नका. तुमचं अंथरूण वर माझ्या खोलीत घातलंय. तुम्ही ते पुन्हा खाली न्याल, हे मला ठाऊक आहे. म्हणून आईचा फोटोही वर नेलाय. तिच्याशी बोलायचं असेल, तर आता जिना चढावा लागेल.

तुमची लेक,
स्वप्नाली