मॅडिसन नदीत ऊबदार राहण्याची माझी पद्धत

३ जानेवारी
करार झाला. गेल्या फेब्रुवारीत नदीवरून ट्राउट मासे पकडून (म्हणजे न पकडता) घरी आलो तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. बस, एवढंच झालं होतं. सॉल्वेगने मला कोमट पाण्यात बुडवून ठेवलं आणि अजून ते विसरत नाही. बायकोची स्मरणशक्ती! आता तिची अट अशी: हा जानेवारी तुझा. पण एकदा जरी कुडकुडताना दिसलास, तर यापुढचे सगळे हिवाळे अ‍ॅरिझोनात, माझ्या बहिणीकडे.
मी ताबडतोब हो म्हणालो. या मोंटानात मी जन्मभर घरं गरम ठेवायच्या भट्ट्या विकल्या आहेत. थंडी मला काय शिकवणार?

५ जानेवारी, दुपार
तत्त्व साधं. थर जास्त, ऊब जास्त. लोकरी मोजे तीन जोड. बूट चढवतानाच घाम फुटला. म्हणजे पद्धत लागू पडतेय.
नदीत उभा राहिलो. दोरा-पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी, डासाएवढी, पाण्यावर सोडली. थोड्या वेळाने पाय गेले. होते जागेवरच, पण मला जाणवत नव्हते. शेजारी रॉस्को मासे धरत होता. म्हणाला, अरे आर्विड, बूट एवढे आवळलेस तर रक्त खाली उतरणार कसं? दोन जोड काढ. रॉस्को दातांचा डॉक्टर होता. पायांतलं त्याला काय कळतं!
घरी सॉल्वेगने विचारलं, बदकासारखा का चालतोयस? म्हटलं, गुडघ्यांचा नवा व्यायाम. पटलं तिला.

८ जानेवारी
मोजे एकच जोड. पाय झकास. हा शोध सर्वस्वी माझा.
आजचं तत्त्व: भट्टी आतून पेटवा. दोन थर्मास कॉफी रिचवली. ऊब आलीच, पण तिच्या मागोमाग दुसरी निकड आली. आणि अंगावर कोट, त्याखाली छातीपर्यंतची रबरी विजार, तिचे पट्टे, दोन स्वेटर, लोकरीची आतली विजार. झुडपाआड एकेक उतरवत होतो, तेवढ्यात पुलावर बर्फ लोटणारा ट्रक आला. ट्रकवर मिर्ना. चर्चमध्ये सॉल्वेगच्या शेजारी उभी राहून गाते. तिने भोंगा वाजवला. माणूस मनमिळाऊ.
माझ्याआधी बातमी घरी. सॉल्वेग म्हणाली, मिर्ना विचारत होती, आर्विडला कपडे टोचतात का गं?

१३ जानेवारी
पारा फारच खाली. गळाच्या काठीवर दोर ओवायच्या कड्या असतात, त्यांत बर्फ धरला. नेमका मासा लागला, दोर कड्यांत अडकला, तुटला. मासा मोठा होता. (असणारच.)
रॉस्को मधूनमधून काठी पाण्यात बुचकळून बर्फ काढतो. मी शास्त्रीय मार्ग घेतला: तोंडाची वाफ. मिशी कडीला चिकटली. रॉस्कोने कॉफी ओतून सोडवली. म्हणाला, आयुष्यभर लोकांचे दात काढले, मिशी काढायची पहिलीच वेळ.
उद्यापासून मिशीला व्हॅसलीन.

१७ जानेवारी, संध्याकाळ
आज जरा हुडहुडी भरली. कुडकुडणं वेगळं. घरासमोर गाडीतच हीटर लावून बसलो, दात वाजायचे थांबेपर्यंत. सॉल्वेगने येऊन काच ठोठावली. हातात सूपचा वाडगा. म्हटलं, रेडिओवर कार्यक्रम छान लागलाय. ती म्हणाली, हो का, मग रेडिओ लाव तरी. सूप देऊन आत गेली.
तिला काहीही संशय आलेला नाही.

२३ जानेवारी
आज निर्णायक दिवस, कारण सॉल्वेग स्वतः बघायला आली. गाडीत विणकाम घेऊन बसली. मी पूर्ण तयारीनिशी: तीन स्वेटर, पिसांचं जाकीट, त्यावर कोट. हात बाजूला पसरूनच राहत होते. रॉस्को म्हणाला, तुला ढकलत नेऊ का? पण थंडी? नाव नको. बर्फातून नदीपर्यंत चालतानाच आत आंघोळ झाली.
मग पाण्यात उभा राहिलो आणि तो घाम गार पडू लागला. तेवढ्यात मासा लागला. भला थोरला, तपकिरी. खरंच. जाळी घ्यायला वाकायला गेलो, तर मधून वाकता येईना. तसाच आडवा झालो. पाणी मांडीएवढंच, पण उठता येईना. कासव उताणं पडावं तसा.
रॉस्को वरच्या वळणावर गेलेला. सॉल्वेग साध्या बुटांनिशी धावत पाण्यात आली. माझे पट्टे धरून ओढलं. तोंडाने अखंड चालूच होतं: ऊठ, गाढवा, ऊठ, तुला इथे मरू देणार नाही मी.
गाडीत बसलो. माझ्या रबरी विजारीत फारसं पाणी गेलंच नव्हतं. ती मात्र कमरेपर्यंत भिजलेली. ओठ निळे. दातांचा आवाज मला ऐकू येत होता. गाडीत ठेवलेलं माझं दुसरं कोरडं जाकीट तिला गुंडाळलं, पाय मांडीवर घेऊन चोळले. काही बोलायला गेली, पण शब्द फुटेना. गेल्या वर्षी समोरून हे कसं दिसलं असेल, ते मला आज कळलं.
मासा कधी सुटला, आठवत नाही.

२५ जानेवारी
सॉल्वेग ठीक आहे. टोस्ट खाल्ला, माझ्यावर ओरडली.
नियमाने पाहिलं तर करार मी मोडलेला नाही. कुडकुडली ती, मी नाही. हा मुद्दा तिच्यापुढे मांडायचा, असं काल ठरवलं होतं. मांडला नाही. मीच आपणहून म्हटलं, अ‍ॅरिझोनाला जाऊया. ती म्हणाली, काठी घे बरोबर हवी तर.

७ फेब्रुवारी, युमा, अ‍ॅरिझोना
ऊन. कालव्यावर गेलो. मासे नाहीत, बदकं आहेत.
रॉस्कोचा फोटो आला. आम्ही निघालो त्याच आठवड्यात तिकडे डोंगरावरून गरम वारा सुटला, बर्फ वितळलं. तो सदऱ्याच्या बाह्या वर सारून नदीत उभा, हातात भला मोठा तपकिरी मासा. सॉल्वेगने फोटो मोठा करून पाहिला. मासा नाही, बाह्या. एवढं हसली की खुर्ची धरावी लागली.
वाळवंटात सूर्य बुडाला की भयंकर गारठा पडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अंगणात जेवताना मेहुणी रग्ना म्हणाली, दाजी, दात किती वाजतायत तुमचे! घ्या ही शाल, इथे कोण बघतंय?
जांभळी आहे. फुलाफुलांची, झालरवाली.
घेतली.